फ्लॉपी जाईल असा लॅपटॉप

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. नशीब, की पर्यवेक्षकानं बसायचं नसतंच, त्यामुळे माझं हे खूळ खपून जातं. तीन तास मी खिडकी ते फळा, फळा ते दार अशा येरझारा घालते आणि मुलं माना खाली घालून दहावीचा पेपर लिहितात. कंपाउंडपलीकडच्या पडीत जमिनीत पळस फुलून गळायला लागलेला असतो. कोणाच्या तरी वावरात हार्वेस्टर गव्हात शिरलेलं असतं आणि त्याचा भुसा वाऱ्यावर थेट उत्तरपत्रिकांवर येऊन बसतो. ऑफिसातल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात. त्यांच्यावर पहिलं पाणी पडल्यावर जो वास सुटतो, तो नाकात गेला की मी सेहेचाळीस वर्षांची राहत नाही, एकवीसची होते, आणि आपल्या हातून काहीतरी सांडलंय, ते पुसायचं राहिलंय असं दिवसभर वाटत राहतं.

यंदा ही चुळबुळ जरा जास्तच होती, कारण मी लॅपटॉप निवडत होते. गेलं वर्षभर निवडत होते. नवा नव्हे. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, जाड, जड, मांडीवर घेतला तर मांडीला मुंग्या येतील असा आणि मुख्य म्हणजे ज्यात फ्लॉपी जाते असा. फ्लॉपी म्हणजे काय हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी चित्र काढून सांगते. एक मुलगी म्हणाली होती, “मॅडम, हे तं सेव्ह करायचं निशाण हाय ना? हे खरंच राहत होतं काय?” मी हसले खरी, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

मी शाळेत संगणक शिकवते आणि बोरगाव मेघेच्या आमच्या घरात बेडरूमचा एक कोपरा जुन्या सामानानं अडवून बसले आहे. पोटात गोळी असलेले दोन माउस, एक पिवळा पडलेला कीबोर्ड, कशाच्या तरी केबली. माझा नवरा विलास वीज कंपनीत आहे. तो या कोपऱ्याला भंगारपेठ म्हणतो.

“तुले नवा घेऊन देतो ना बाप्पा,” तो मध्ये एकदा म्हणाला. “या डबड्यात काय ठेवलं हाय?”

“तुला नाही कळायचं.”

“मले नाई समजत, खरं हाय. पन तुले तरी समजून राह्यलं काय?”

हे त्यानं चेष्टेत म्हटलं होतं. मला मात्र ते दोन दिवस टोचत राहिलं.

जुने संगणक दुरुस्त करून पुन्हा चालवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट आहे, फोनवर. मी त्यात आहे. मोठी गोड माणसं. एकाला लहानपणी खेळलेला एक खेळ त्याच आवाजात, त्याच संथ गतीनं परत खेळायचा असतो. दुसऱ्याला फक्त कळांच्या टकटकीचा शौक. नवीन माणूस आला की सगळे त्याला एकच सांगतात: आधी कशासाठी हवा ते ठरवा, मग यंत्र निवडा. बिजागरी हलवून बघा. पडद्याच्या कडा पिवळ्या पडल्यात का बघा. आतली छोटी बॅटरी गळून हिरवी झाली असेल तर हात लावू नका. हे सगळं मला पाठ आहे, नव्या लोकांना मी सांगतेही. पण “ताई, तुम्हाला कशासाठी हवा?” असं कोणी विचारलं, की मी “सहज, शौक म्हणून” असं लिहून फोन पालथा ठेवते.

तीन यंत्रांमध्ये माझा जीव अडकला होता. एक नागपूरला, सीताबर्डीच्या एका गाळ्यात: काळा, चौकोनी, कळांच्या मधोमध लाल टिकली. त्याच्या कळांवर बोटं ठेवली की उचलू नयेत असं वाटायचं. पण त्याची फ्लॉपीची पेटी वेगळी जोडावी लागायची आणि ती कुठंतरी हरवलेली होती. दुसरा पुण्याच्या एका गृहस्थांकडे, ते फोटो पाठवायचे. लख्ख, एक ओरखडा नाही. त्याच्यावर कोणी कधी काही लिहिलंच नसावं असं वाटायचं, आणि तेच मला आवडत नव्हतं. तिसरा पुलगावला, एका निवृत्त अभियंत्यांकडे, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात. करड्या रंगाचा, जाडजूड, उजव्या कुशीत फ्लॉपीची फट. डावी बिजागरी निखळलेली, त्यामुळे पडद्याच्या पाठीशी जाड पुस्तक उभं करावं लागायचं. मी चार वेळा पुलगावला जाऊन आले. दर वेळी तो सुरू करून बघायचा, फट फुंकायची, काकूंच्या हातचा चहा प्यायचा आणि “कळवते” म्हणून निघायचं.

जुनं यंत्र निवडणं हे नवं निवडण्यासारखं नसतंच मुळी. नव्याला आपण विचारतो, तू पुढं काय काय करशील. जुन्याचं करून झालेलं असतं. त्याच्यापुढं उभं राहून आपण आपले कुठले दिवस परत मागतोय, एवढंच निवडायचं असतं. आणि मला ते दिवस परत हवे होते की नको होते, हेच नीट माहीत नव्हतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये मी वर्ध्यात बस स्टँडजवळ एका डीटीपी केंद्रात टायपिंगचं काम करायची. माझं गाव रोहणा, आर्वीकडचं. घरी शेती, थोडी संत्री. मी आणि माझी मैत्रीण सुजाता, दोघी वर्ध्याला एक खोली घेऊन शिकत होतो. ती आंजीची. तिची आई पार्बताबाई मजुरीनं दुसऱ्यांच्या वावरात जायची आणि सुजाता एम. ए.ला होती. खोलीत एकच कंदील, एकच आरसा आणि संध्याकाळी कोणी पोळ्या लाटायच्या यावर रोज वाद. मी रोहण्याहून येताना पिशवीभर संत्री आणायची, ती आंजीहून हिरवा हरभरा आणायची. गच्चीवर आम्ही त्याचा हुळा भाजायचो, तोंडं काळी करून घ्यायचो आणि परीक्षेला शिव्या घालायचो. इतकी मोकळी मी नंतर कोणाजवळ झाले नाही.

सुजातानं लघुप्रबंधासाठी विषय घेतला होता तिच्या आईचंच आयुष्य, आईच्याच शब्दांत. पार्बताबाईंना लिहिता येत नव्हतं. टेपरेकॉर्डर आमच्याकडे नव्हता. तेव्हा भारनियमनाचे दिवस; दुपारी वीज गेली की केंद्रातले संगणक मुके व्हायचे. त्यावर तोड म्हणून मालकांनी कुठूनसा जुना लॅपटॉप आणला होता. तो बॅटरीवर दीड तास चालायचा. मी मालकांना गळ घातली, यंत्र ओढणीत गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेतलं आणि आंजीला गेले. असे चार रविवार.

पार्बताबाई अंगणात लिंबाखाली बसून बोलायच्या आणि मी टाइप करायची. कागद नाही, खोडाखोड नाही. त्यांच्या तोंडातून निघालेलं थेट पडद्यावर. त्या बोलायच्या भरभर, पाणी शेंदावं तशा. “मले तवा सोळावं लागलं होतं. आमी तुरी कापाले गेलतो, तं पाटलीनबाई म्हने, तुह्या हातात बांगड्या काऊन नाई?” मी मान वर न करता टाइप करायची. चौथ्या रविवारी सुजाताच्या आधीच्या लेकरांची गोष्ट निघाली, सुजाताच्या जन्माच्या कितीतरी आधीची. पहिला गौतम, मग त्याच्या पाठची पोरगी, तिचं बारसंही झालेलं नव्हतं. दोघंही एकाच पावसाळ्यात तापानं गेले. पार्बताबाई हे सांगताना रडल्या नाहीत. पदरानं पडद्यावरची धूळ पुसून दिली आणि म्हणाल्या, “दिसून राह्यलं ना तुले नीट?”

मग आली प्रबंध द्यायची वेळ, आणि माझ्यातली शहाणी जागी झाली.

मला खरंच वाटलं होतं की मी मैत्रिणीचं भलं करतेय. बाहेरून परीक्षक येणार, ते ‘मले’ ‘तुले’ वाचून हसतील. मला हसले होते ना! रोहण्याहून वर्ध्याला आले तेव्हा वर्गात उभं राहून मी म्हटलं होतं, “सर, मले समजलं नाई,” आणि पूर्ण वर्ग फिदीफिदी हसला होता. घरी माझी आई अजूनही ‘मले’च म्हणते, मी त्या दिवसापासून म्हटलं नाही. तर सुजाताला न विचारता, छपाईच्या आदल्या दुपारी, मी एक कळ दाबली. शोधा: ले. त्याऐवजी लिहा: ला. सर्व बदला.

पापणी लवायच्या आत झालं. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘त्याले’चं ‘त्याला’ झालं, आणि बरोबरीनं लेकराचं लाकरू झालं, लेंग्याचा लांगा झाला, ‘कापाले’चं ‘कापाला’ झालं. मग मी ते सगळं हातानं निस्तरत बसले. काऊनचं का केलं, नाईचं नाही केलं. संध्याकाळपर्यंत पार्बताबाई एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारख्या बोलायला लागल्या होत्या. सुजातानं पानं चाळली, परत मिटली. मग म्हणाली, “परीक्षेपुरतं चालन.” परीक्षक तोंडी परीक्षेत म्हणाले, भाषा फार शुद्ध आहे.

बांधलेली प्रत घेऊन आम्ही दोघी आंजीला गेलो. सुजातानं मोठ्यानं वाचलं. पार्बताबाई आधी हसल्या, “हे मीच बोलून राह्यली काय व?” मग ऐकत राहिल्या. सुजातानं वाचलं, “मग गौतम झाला, मग त्याच्या पाठची मुलगी. तिचं नाव अजून ठेवलेलंच नव्हतं. तापात गेला तो.” आणि ती पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा.

“थांब,” पार्बताबाई म्हणाल्या. “अन् पोरगी?”

सुजातानं बोट परत मागच्या ओळीवर नेलं.

“पोरगी कोठी गेली यातली?”

‘तापात गेले ते.’ असं म्हणाल्या होत्या त्या. गेले ते, दोघंही. त्या ‘गेले’मध्येही एक ‘ले’ होताच की. यंत्रानं ‘गेले ते’चं ‘गेला ते’ केलं असणार, आणि निस्तरताना मीच ‘ते’चा ‘तो’ केला असणार. एका कळेनं एक पोर कागदावरून नाहीशी झाली. एसटीची वाट बघताना मी सुजाताला म्हणाले, “अगं, ते मशीननं झालं.” ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “मशीनले काय मालूम.” पुढच्या महिन्यात तिनं खोली सोडली. मग लग्नपत्रिका आल्या-गेल्या, बाळंतपणांचे निरोप आले-गेले. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटवताही आलं नाही.

मागच्या मार्चमध्ये आमच्या केंद्रावर भरारी पथक आलं आणि त्यातून सुजाता उतरली. आता ती शिक्षण खात्यात अधिकारी आहे. वर्गात ती मला ‘मॅडम’ म्हणाली, मी तिला ‘मॅडम’ म्हटलं, मुलांच्या कंपासपेट्या तपासल्या. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना तिनं हळूच विचारलं, “वंदे, तो पहिला मजकूर, बदलायच्या आधीचा, तुह्याजवळ हाय काय?”

होता. बदलायच्या आधी मी एक प्रत फ्लॉपीवर काढून ठेवली होती, केंद्रातली सवय म्हणून. ती फ्लॉपी मी लग्नात नेली, दोन घरं बदलली तेव्हा नेली, साड्यांच्या कपाटात आत ठेवली. उघडून कधी बघितली नाही. “आईचं वय झालं आता,” सुजाता म्हणाली. “तिचं बोलनं जसंच्या तसं कोठीच नाई. पोट्ट्यांसाठी ठेवाव म्हनते.” मी शब्द दिला. आणि वर्षभर लॅपटॉप निवडत बसले.

गटातला एक जण म्हणाला होता, ताई, फ्लॉपी वाचायची बाहेरून जोडायची डबी मिळते, आजच्या लॅपटॉपला लावा, दहा मिनिटांचं काम. जुना मराठी फाँट नव्यात बदलून देणारी साधनंही आहेत. मी त्याला बाणेदार उत्तर दिलं होतं, की एकदा यंत्राला अक्षरं बदलू दिली, आता नाही. ज्या फाँटमध्ये लिहिलं त्याच फाँटमध्ये, तशाच पडद्यावर वाचीन. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. ते उत्तर खरंही होतं. पण दहा मिनिटांत होईल ते वर्षभर लांबवायला इतकं सुंदर कारण मिळालं म्हणून मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं. मला भीती वाटत होती. कशाची, ते सांगता येत नव्हतं. माझी चूक तर मला माहीतच होती, मी ती स्वतःशी कबूलही केली होती. मग पुलगावहून पुन्हा पुन्हा रिकाम्या हातानं का परतत होते मी?

गेल्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. सोमवारी गणिताचा पेपर आहे, माझ्या केंद्रावर तीच येणार आहे. फाइलबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. त्याच दुपारी मी पुलगावची बस धरली.

“पाचव्यांदा येऊन राह्यल्या तुमी,” काकाजी दारातच म्हणाले. “घ्याचा असन तं घ्या, नाई तं या बिचाऱ्याले झोपू द्या.”

अशी झाली माझी निवड. ना बिजागरी बघितली, ना बॅटरी. ज्यात फ्लॉपी जाते तो घेतला.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तो मांडला. पाठीशी विलासचा जाडजूड विजेचा नियमग्रंथ उभा केला. जुना फाँट काकाजींनी आधीच शोधून घालून दिला होता. फ्लॉपी फटीत सरकवली तेव्हा आतून घरघर झाली, मग खट्‌ खट्‌, मग बराच वेळ काहीच नाही. आदल्या रात्रीच माझ्याकडून सगळी गोष्ट ऐकलेला विलास चहाचा कप हातात धरून माझ्यामागं उभा होता, चेष्टा न करता. आणि मग पडद्यावर ओळी उमटल्या.

‘मले तवा सोळावं लागलं होतं.’

मी रडले. सरळ सांगते, रडले. मले, तुले, काऊन, कापाले, सगळं जागच्या जागी. पार्बताबाईंचा आवाज जसा लिंबाखाली होता तसा. मी खाली सरकत गेले, हसत गेले, विलासला वाचून दाखवत गेले. तो म्हणाला, “हे तं माही आजीच बोलून राह्यली.” गौतमच्या जागेशी आले तेव्हा माझा आवाज मोठाच होता. ‘मंग गौतम झाला, मंग त्याच्या पाठची पोरगी. तिचं नाव ठेवलंच नाई अजून. तापात गेला तो.’

मी पुन्हा वाचलं. वरच्या ओळीत ‘मले’ होतं, खालच्या ओळीत ‘त्याले’ होतं. इथं यंत्राचा हात लागलेलाच नव्हता. आणि तरी, ‘गेला तो’.

म्हणजे ते मी केलं होतं. लिंबाखाली, भर दुपारी, त्या समोर बसलेल्या असताना. त्यांनी म्हटलं ‘गेले ते’, आणि माझ्या कानापासून बोटांपर्यंत येता येता दोघांचा एक झाला. बॅटरी संपत आली असेल, घाई असेल, असं काय काय मी स्वतःला सांगून बघितलं. पण घाईत मुलगाच का उरला? त्याला नाव होतं म्हणून? आमच्या रोहण्यात ‘लेकरं किती’ असं विचारलं, की माणसं मुलगे मोजून सांगायची, आणि त्यात मलाही तेव्हा काही वावगं वाटायचं नाही. पंचवीस वर्षं मी त्या एका कळेला दोष देत आले होते. मी आजवर माझी म्हणून धरून बसलेली चूक ही माझी खरी चूक नव्हतीच.

विलास म्हणाला, “नको सांगू तिले. फाइल भेटली, बस झालं.” त्यानं ते मायेनं म्हटलं, आणि पूर्ण दिवस मला तसं करावंसंही वाटलं. एक शब्द तर होता. मी दुरुस्त करून दिला असता तर जगात कोणाला कळलं असतं?

सोमवारी गणिताचा पेपर सुटल्यावर शाळेमागच्या बाकावर मी सुजाताला सगळं सांगितलं. ती चहाच्या कागदी कपाची कड दुमडत होती. मला वाटलं, आता ही उठेल आणि परत पंचवीस वर्षं जातील.

“मी बी वाचलं होतं ना वंदे,” ती म्हणाली. “द्यायच्या आधी. तीन डाव. मले बी दिसली नाई ते.”

मी हातातला कप बाकावर ठेवला.

“माही सख्खी बहीन होती. अन् मले मायनं इचारल्यावर समजलं. मशीननं खाल्लं असन, असं तू म्हनली ना, तं मले बरंच वाटलं. सारा दोष तुह्या माथी राहू देला, म्हनून तं तुह्याकडं याची हिंमत नाई झाली.” तिनं कप चुरगाळला. “मले वाटे तू रागात हाय.”

“मला वाटायचं तू रागात आहेस.”

आम्ही दोघी बऱ्याच वेळानं हसलो, पण ते काही फार हसण्यासारखं नव्हतं.

काल सकाळी यंत्र घेऊन आम्ही आंजीला गेलो. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून स्वयंपाकघरातून लांब वायर ओढली. पार्बताबाई आता वाकल्या आहेत, कानानंही जरा कमी ऐकतात. “जय भीम” म्हणून मी पाया पडले तर त्यांनी माझा चेहरा हातात धरून बघितला. सुजातानं सगळं वाचून दाखवलं, आणि त्या जागेशी येऊन ती थांबली.

“मावशी,” मी जवळ जाऊन जोरात म्हटलं, “इथं मी चुकली. तुमची पोरगी माह्या हातानं राहून गेली. मशीननं नाई, म्याच.”

त्यांनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, “मंग लिहून घे ना आता. आयती बसली हायेस तं.”

मी ‘गेला तो’ पुसलं आणि ‘गेले ते’ लिहिलं. माझी बोटं जुन्या कळा विसरली नव्हती. सुजातानं वाचून दाखवलं. पार्बताबाईंनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसेना.

“अन् तिचं नाव?”

“आई, तूच तं म्हनली होती, नाव ठेवलं नोतं.”

“बारसं नाई झालं म्हनून काय झालं? हाका तं मारत होती ना मी तिले. छबी म्हनत होती. तुमी इचारलंच नाई.”

सुजाता माझ्याकडे बघत होती आणि मी कळांकडे. मी टाइप केलं. पार्बताबाई पुढं सरकल्या, डोळे बारीक करून पडद्याजवळ आल्या.

“कोन्तं?”

मी दाखवलं. त्यांनी त्या शब्दावर बोट टेकवलं. जुना पडदा तो, दाबला की मऊ पडतो. बोटाभोवती रंग पसरले आणि अक्षरं थरथरली.

“हेच ना?”

“हो मावशी. हेच.”

त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बोट काढलं नाही.